गालात धरलेलं

"साटम, सुपारी घ्या," टिपणीस मास्तर म्हणाले आणि त्यांनी तबक सतरंजीवरून राघोपुढे सरकवलं.

राघोनं हातातले कागद मांडीखाली सारले. तबकातलं एक खांड उचलून डाव्या गालात धरलं. आता मंडळातल्या प्रत्येकाचं बोलून होईपर्यंत त्याला तोंड उघडायची बंदी होती.

ही रीत मास्तरांनीच घातलेली. ठाणे-कल्याणकडच्या चार लिहित्या माणसांचं हे मंडळ स्वातंत्र्याच्या पुढच्या वर्षी सुरू झालं, आणि पहिल्याच पावसाळ्यात दोन सभासद एका कवितेच्या शेवटावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले. एकाचा चष्मा फुटला. दुसऱ्यानं कविता करणं सोडलं, त्यात मराठी भाषेचं फारसं बिघडलं नाही. पण तेव्हापासून मास्तरांनी ठरवून टाकलं, की ज्यानं वाचलं त्यानं सुपारीचं खांड तोंडात धरायचं आणि निमूट ऐकायचं. चावायचं नाही. खांड कडकन फुटलं की समजावं, लेखकाला झोंबलंय. बाळकुमचा महिपत भोईर आठवीपर्यंत शिकवायचा आणि गाणी रचायचा, त्याचं खांड दर खेपेला फुटायचं.

राघोचंही पहिल्या वर्षी फुटलं होतं. एका वखारवाल्यावर त्यानं कथा लिहिली होती, तिची मंडळींनी कोथिंबिरीसारखी बारीक चिरफाड केली. त्यानंतर दोन महिने तो तिकडे फिरकला नाही. रस्त्यानं जाता-येता मनातल्या मनात मास्तरांना उत्तरं द्यायचा, आणि ती उत्तरं इतकी बिनतोड असायची की गिरणीत पोती तोलताना आकडा चुकायचा. पुढे हळूहळू अक्कल आली. कुणी काही म्हटलं तर आठ दिवस कागदांना हात लावायचा नाही. मग दुसऱ्याची चप्पल पायात घालून चार पावलं चालून बघावी, तसं ते म्हणणं घालून बघायचं. बोचलं तर काढून ठेवायचं, बसलं तर तोंड दाबून तेच घालून पुढे चालायचं. बऱ्याचदा बसायचं, हेच त्याचं दुःख होतं.

कल्याणच्या एका भातगिरणीत तो कारकून होता. दिवसभर कोंडा खायचा आणि संध्याकाळी डोंबिवलीच्या चाळीतल्या एका खोलीत येऊन, दिव्याखाली पाट मांडीवर घेऊन लिहायचा. खोलीला मधोमध जुन्या लुगड्याचा पडदा होता. अलीकडे बसायचं, पलीकडे चूल. मंडळ पाळीपाळीनं एकेकाच्या घरी भरायचं, पण राघोनं आपली पाळी सहा वर्षं टाळली होती. या खेपेला मास्तरांच्या घरी रंगाचं काम निघालं आणि मास्तर म्हणाले, "साटम, कथा तुमची, घरही तुमचंच असू द्या." नाही म्हणायला तोंड नव्हतं.

गोदाला तो म्हणाला होता, "तू शेजारी ठमाबाईकडे जाऊन बस दुपारभर. चार माणसं येतील, कटकट होते."

"आणि चहा कोण करणार? तुम्ही?" गोदा म्हणाली, आणि गेली नाही.

कथा बदलायची संधी त्याला होती. पेटीत दुसऱ्या दोन पडल्या होत्या. पण मुंबईच्या एका मासिकाच्या संपादकांना मास्तरांनी शब्द टाकला होता, गोकुळाष्टमीच्या आत चांगली कथा पोचली तर दिवाळी अंकात जागा निघेल. आणि चांगली म्हणावी अशी राघोजवळ ही एकच होती. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटत होतं, गोदानं ऐकावी. समोर बसवून ऐकवायची हिंमत नव्हती. पडद्याआडून ऐकली तर ऐकली.

कथा एका मुलाच्या मरणाची होती.

त्यांचा आनंदा तीन वर्षांपूर्वी गेला, पाच वर्षांचा होऊन. घटसर्पानं. मंडळात हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्या वेळी राघो दोन बैठकांना गेला नाही, तिसऱ्या बैठकीला गेला आणि म्हणाला, गावी गेलेलो. कुणी जास्त विचारलं नाही. कथेत त्यानं मुलाचं नाव बदललं, गाव बदललं, घटसर्पाच्या जागी विषमज्वर घातला. बापाला मात्र गिरणीतच ठेवलं, कारण दुसऱ्या कुठल्या कामाची त्याला माहिती नव्हती.

"हं, महिपतराव, तुम्ही सुरू करा," मास्तर म्हणाले.

महिपतनं मांडी बदलली. "खरं सांगू काय साटम, रागावू नको. मना त्यो चिंचोका जड गेला. पोरगा चिंचोका गालात धरतो, आई हात पुढं करते, टाक म्हणते, धुऊन खिडकीत ठेवते. दुसऱ्या दिवशी पोरगा परत तोच उचलतो. एकदा सांगितलं, समजलं. तू दोन पानं घातलीस. आमच्याकडे मिठागरात म्हणतात, पाणी फार कोंडलं तं मीठ धरत नाय. ती दोन पानं काढ, कथा पळेल बघ."

राघोनं मान हलवली. पडद्यापलीकडे कपबश्यांचा आवाज चालू होता.

नंतर नीलाची पाळी. ती ठाण्याला मुलींच्या शाळेत शिकवायची, मंडळात सर्वांत लहान आणि सर्वांत स्पष्ट. "मला आई खोटी वाटली," ती म्हणाली. "बापाचं सगळं पटलं. पण मुलगा गेल्यावर ती आई पानभर बोलते. देवाला बोल लावते, नवऱ्याला लावते, स्वतःचं कपाळ बडवते. ते सगळं कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं. ही बाई मुलाच्या हनुवटीखाली नुसता हात धरते तेव्हा केवढी खरी आहे. आणि मग एकदम नाटकातली होते. लेखकाला ती दुःखात कशी वागली ते दिसलेलंच नाही, असं मला वाटतं."

पलीकडे कपबश्यांचा आवाज थांबला होता.

राघोचे दात सुपारीवर आले, पण त्यानं जबडा सैल सोडला. नीलाचं म्हणणं घालून बघायला आठ दिवस लागणार नव्हते. ते तिथल्या तिथे बसलं होतं.

मास्तर शेवटी बोलायचे. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "भाषा चांगली. निरीक्षण चांगलं. पण एक गोष्ट वाचकाला मुळीच पचणार नाही. मुलगा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी हा बाप गिरणीत जातो आणि पोती तोलतो. एक टिपूस नाही. वाचक विचारील, हा माणूस आहे की धोंडा? तो घरात राहो, मुलाचा सदरा हातात घेवो, रडो. शेवटी कुठेतरी तो रडला पाहिजे, साटम. त्याखेरीज कथा पुरी होत नाही."

राघोनं पुन्हा मान हलवली. तो गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जाऊन त्यानं भाताची पोती तोलली होती, कारण घरात गोदा भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिच्याजवळ बसवत नव्हतं. हे मास्तरांना सांगता आलं असतं. पण सुपारीची रीत होती, आणि नसती तरी त्यानं सांगितलं नसतं.

गोदा पडदा सारून बाहेर आली. ताटात चार कप. मास्तर जुन्या वळणाचे, बाईमाणूस समोर आलं की दोन शब्द बोलल्यावाचून राहायचे नाहीत. "या वहिनी. तुम्हीही आतून ऐकलीच असेल कथा. तुमचं मत आम्ही धरतो हं."

"मला काय कळतंय त्यातलं," गोदा म्हणाली. तिनं नीलापुढे कप ठेवला, महिपतपुढे ठेवला. मग ताट तसंच हातात धरून उभी राहिली. "आमचा पोरगा चिंचोका उजव्या गालात धरायचा. यांनी डाव्या लिहिलाय. डाव्या गालात हे धरतात."

असं म्हणून तिनं मास्तरांपुढे कप ठेवला, राघोपुढे ठेवला आणि आत गेली.

महिपत कपातल्या सायीकडे बघत बसला. नीलाचा चेहरा पांढरा पडला होता. मास्तरांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा राघोच्या फुगलेल्या डाव्या गालाकडे, आणि पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली. "राघो, आम्हांला कल्पना नव्हती."

मंडळी उठली. चहा कुणी पुरा घेतला, कुणी नाही. जिन्याशी नीला थबकली आणि म्हणाली, "मी फार वाईट बोलले. मला माफ करा." राघोला तिला सांगायचं होतं, की आजच्या दुपारी खरं तूच बोललीस. पण सुपारी अजून गालातच होती. काढा म्हणायचं मास्तर विसरले होते, आणि राघोही. नीला खाली उतरून गेली तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्यानं मोरीत जाऊन ती थुंकली.

"गोदा," तो म्हणाला.

"पोहे उरलेत," ती म्हणाली. "संध्याकाळी तेच खा."

एवढंच बोलणं झालं. गेली तीन वर्षं घरात एवढंच बोलणं होत होतं. भाजी काय, रॉकेल संपलं, पोहे उरलेत. आनंदा गेला त्या दिवसापासून गोदाच्या तोंडून त्याचं नाव निघालं नव्हतं. ती रडलीही नव्हती. ठमाबाई म्हणायची, बाईनं एकदा मोकळं रडावं, नाहीतर आत साठून राहतं. राघो वाट बघत राहिला. आणि मग एक दिवस पाट मांडीवर घेऊन त्यानं कथेतल्या आईला रडायला लावलं. पानभर.

श्रावणातली बैठक बाळकुमला महिपतच्या घरी होती. राघोनं कथेचा दुसरा खर्डा नेला. चिंचोक्याची दोन्ही पानं काढली होती. बाप शेवटी सदरा छातीशी धरून रडत होता. आईचा विलाप मात्र तसाच होता, कारण तो काढायला बसलं की त्या जागी काय घालायचं ते सुचत नव्हतं. बैठकीत नीला तोच काढायला लावील, मग आपल्याला काढावाच लागेल, या भरवशावर तो आला होता. वाचून झाल्यावर त्यानं सुपारी गालात धरली आणि पाठ भिंतीला टेकवली.

"झकास," महिपत म्हणाला. "काय बोलायला जागाच ठेवली नाय."

राघोनं नीलाकडे पाहिलं. ती सतरंजीची दशी सोडवत होती. "छान झालीय," ती म्हणाली. "आई... आईही छान झालीय."

"काही बदलू नका, साटम," मास्तर म्हणाले. "एक अक्षरही नाही. काढा सुपारी."

इतकी कोरडी सुपारी त्यानं कधी तोंडातून काढली नव्हती. महिपतच्या आईनं, रखमाबाईनं, त्याच्या पुढ्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी ठेवली आणि कारण नसताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणजे इथेही घरात सांगून झालं होतं.

परत निघताना माजिवड्याच्या रस्त्यानं तो आणि मास्तर बरोबर चालत होते. दोन्ही बाजूंना खाचरं हिरवीगार होती. राघोनं विचारलं, "मास्तर, खरं सांगा. विलाप खोटा आहे ना?"

मास्तरांनी एका डबक्याला वळसा घातला. मग म्हणाले, "साटम, मी आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले. तांबडी शाई वापरताना हात कधी कापला नाही. पण मूल गेलेल्या बापाच्या कागदावर ती मी कशी चालवू? तुम्हीच सांगा."

"चालवा. मला तीच पाहिजे."

"मला जमणार नाही. पाठवून द्या तुम्ही कथा. मी संपादकांना लिहितो."

राघोला राग आला. इतकी वर्षं ही माणसं त्याला धारेवर धरत होती, तेव्हा त्याला वाटायचं, एकदा तरी यांनी चांगलं म्हणावं. आता तिघंही एका तोंडानं चांगलं म्हणत होती आणि त्याला कुणी वाऱ्यावर सोडून दिल्यासारखं झालं होतं. हातचं मूल गेलं आणि त्यापाठोपाठ मंडळही गेलं. मंडळ नावाला उरलं, माणसं भेटली की तब्येत विचारायची.

कथा त्यानं तशीच पाठवली. गणपती गेले आणि पाकीट परत आलं. संपादकांना राघोच्या घरचं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी छापील चिठ्ठीखाली शाईनं एक ओळ लिहिली होती. आईचा शोक भडक आहे. राघोनं ती ओळ वाचली आणि विचित्र वाटेल, पण त्याला जरा बरं वाटलं. कुणीतरी खरं बोललं होतं.

"परत आली?" गोदानं विचारलं. ती सुपात कण्या घेऊन निवडत बसली होती.

"आली."

"काय म्हणतात?"

"आई खोटी आहे म्हणतात."

गोदाचा हात कण्यांवरून फिरत राहिला. "मग खोटीच आहे ती," ती म्हणाली. "मी कुठं असं बोललेले? मी देवाला शिव्या घातल्या? तुम्हाला घातल्या?"

"नाही."

"मग लिहिलंत का?"

"तू काहीच बोलली नाहीस म्हणून." राघोचा आवाज चढला, आणि तो चढल्याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "तीन वर्षं झाली गोदा. एक शब्द नाही. मी काय लिहू? मला काय माहीत तुझ्या मनात काय आहे ते? मी आपलं लोक जसे रडतात तसं लिहिलं."

गोदानं सूप खाली ठेवलं. राघोला वाटलं, संपलं, आता पुन्हा भाजी आणि रॉकेल.

"आणि चिंचोका?" ती म्हणाली. "तो आहे का अजून?"

"काढला. नको म्हणाले. लांबण लागतं म्हणाले."

"लांबण," गोदा म्हणाली. तिनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या फळीवर पूर्वी ओळीनं चिंचोके असायचे. चाळीच्या मागे चिंचेचं झाड होतं आणि आनंदाचा गाल कधी रिकामा नसायचा. जेवायच्या वेळी ती हनुवटीखाली तळवा धरायची, टाक म्हणायची. तो टाकायचा. ती चिंचोका धुऊन फळीवर ठेवायची, जेवण झालं की तो उचलून परत गालात. आता फळीवर नुसती काडेपेटी होती.

"तुम्ही त्या दिवशी सकाळीच गेलेलात कामाला," ती म्हणाली. "तो उठला तो कुरकुरतच. दूध पुढे केलं, पीना. बघते तर गाल फुगलेला. उजवा. मला वाटलं, रात्री चिंचोका घेऊनच झोपला. मी हात धरला, म्हटलं टाक. तो म्हणतो, नाही गं काही. मी म्हटलं, खोटं बोलतोस, टाक. तो मान हलवतो नुसता. आणि मी..."

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मी चापट मारली. त्याच गालावर."

राघो हलला नाही.

"मग त्यानं आ केला. आत काही नव्हतं. पांढरं पांढरं दिसलं घशात. ती सूज होती. मला वाटलं चिंचोका." गोदा हे सगळं कण्यांकडे बघत सांगत होती. "दुपारी ठमाबाई म्हणाली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या दे, चिंचेनं घसा धरलाय. दिल्या. दुसऱ्या दिवशी कल्याणला डॉक्टरकडे नेईपर्यंत संपलंच होतं सगळं. तो काही बोलला नाही नंतर मला. बोलताच येत नव्हतं त्याला. पण हात पुढे नेला की मान मागे घ्यायचा."

खाली कुणीतरी हंडा घासत होतं. राघोला तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं, आणि या खेपेला तो गेला. दोघं सुपाच्या दोन बाजूंना बसली.

"घटसर्पच होता तो," तो म्हणाला. "चापटीनं काही होत नाही."

"ते मला कळतं. मी काय खुळी आहे?" ती म्हणाली. "पण तुमच्या गोष्टीतल्या आईनं चापट नाही मारली. म्हणून ती एवढं रडू शकते."

हे ऐकल्यावर राघोला कळलं, की तीन वर्षांत त्यानं लिहिलेल्या सगळ्या कागदांवरची ही पहिली खरी तांबडी शाई आहे. आणि ती त्याला झेपणारी नव्हती. "मी नाही लिहिणार हे," तो म्हणाला. "फाडून टाकतो कथा."

"मग माझ्याकडून काढून कशाला घेतलंत?" गोदा म्हणाली. "लिहायचं तर चापट लिहा. उजवा गाल लिहा. तुम्ही कामावर गेलेलात तेही लिहा, रडूबिडू नका घालू त्यात. नाहीतर तो सदरा धरून रडणारा बाप मला नका दाखवू. ज्याचं जळतं त्याला कळतं. तुमच्या त्या मंडळींना नाही पटलं तर नाही पटलं."

राघोनं आठ दिवस कागदांना हात लावला नाही. ती जुनी सवय. नंतर लिहायला बसला. विलापाचं पान काढून टाकलं तेव्हा त्याच्या जागी काही घालावं लागलं नाही. चिंचोक्याची दोन पानं परत आली, ती आता लांबण नव्हती. चापटीपाशी तो चार रविवार अडला. एकदा मऊ करून लिहिली, एकदा बापाच्या हातून मारवली, एकदा चापट मारायला उचललेला हात आईनं मागे घेतला. प्रत्येक खेपेला कागद बाजूला ठेवला. गोदाला तो काही विचारत नव्हता, आणि ती चुलीपुढून एवढंच म्हणायची, "झाली का?" आणि तो म्हणायचा, "नाही अजून." शेवटी चापट जशी बसली तशी लिहिली. एका ओळीत झाली.

तोवर दिवाळी होऊन गेली होती. दिवाळी अंक निघून, वाचून, चाळीत या दारातून त्या दारात फिरून फाटले होते. ही कथा आता कुणाला हवी नव्हती. मंडळात नेण्यात अर्थ नव्हता. ती माणसं वाईट नव्हती, पण त्यांनी डोळे पुसत झकास म्हटलं असतं.

कार्तिकातल्या एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर राघोनं पडदा बाजूला सारून ठेवला. गोदा भिंतीला टेकून बसली. त्यानं वाचायला सुरुवात केली. मधे दोनदा तो पाणी प्यायला. चापटीची ओळ आली तेव्हा त्यानं मान वर केली नाही. शेवटी बाप गिरणीत पोती तोलत होता आणि कथा तिथेच थांबत होती.

वाचून झाल्यावर त्यानं कागद मांडीखाली सारले. पानाच्या डब्यातून सुपारीचं एक खांड काढलं आणि गालात धरलं. इतक्या वर्षांची सवय. हे खांड उजव्या गालात गेलं.

दारावरचं ऊन उंबऱ्याच्या आत आलं. चाळीमागे चिंचेवर पोरं दगड मारत होती, त्यांचा ओरडा येत होता. राघो वाट बघत राहिला. रीत अशी होती, की समोरच्यानं बोलल्यावाचून सुपारी काढता येत नाही. सुपारी लाळेनं भिजली, तिचा तुरटपणा घशात उतरला. त्यानं ती चावली नाही.

मग गोदा पुढे सरकली. तिनं त्याच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं, आणि उजव्या हाताचा तळवा त्याच्या हनुवटीखाली धरला.

"टाक," ती म्हणाली.

राघोनं मान मागे घेतली नाही. त्यानं तोंड उघडलं आणि खांड तिच्या तळव्यावर टाकलं. या खेपेला आत काहीतरी होतं. ती उठली, मोरीत जाऊन तिनं ते खांड पाण्यानं धुतलं, काडेपेटी बाजूला केली आणि ते खिडकीच्या फळीवर वाळत ठेवलं.